बाईचं दुखणं हाही आपला इतिहास आहे

कारंजा लाड हे कापसाच्या बाजाराचं गाव. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वेलाईन इथूनच गेली, कापूस वाहायला. गाठी किती गेल्या ते सरकारी दप्तरात सापडेल. तो कापूस ज्या बायांनी वेचला त्यांच्या कंबरेचा, पोटाचा, बाळंतपणाचा इतिहास मात्र शोधावा लागतो.

अंगावर पांढरं जाणं, पाळीत फार रगत जाणं, अंग बाहेर येणं. ही दुखणी वस्तीत आहेत, पण बोलायची चोरी. मित्रांनो, मनुस्मृती आपण 1927 साली महाडला जाळली. तिच्यातला पाळीचा विटाळ मात्र घरात शिल्लक ठेवला.

बाबासाहेबांनी हा विषय कधी बाजूला टाकला नाही. जुलै 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून ते बोलले. 1929 ला मुंबईत कायदा झाला. नोव्हेंबर 1938 मध्ये संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडलं. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाई खंगते, मरते, हे त्यात स्पष्ट होतं. ठराव पडला.

आता आपल्या विदर्भाकडे या. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या बाईला वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा द्या, असा ठराव झाला. फार पोरं होऊ देऊ नका, हे बाबासाहेबांनी तिथं तोंडावर सांगितलं.

1961 ला देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला. 2017 ला त्यातली रजा 26 आठवडे झाली. पण कारखाना, दुकान, कचेरी यांच्यासाठीचा तो कायदा. रोजंदारीनं कापूस वेचणारी माय त्यात बसली नाही. ती पोटुशी असतानाही वावरात, अन् बाळंत झाल्यावरही वावरात.

त्याचा परिणाम पाहा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बाया तपासल्या. 1989 ला निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या 92 बायांना स्त्रीरोग, अन् पूर्वी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8. दुखणं बहुतेकींना, दवाखाना मात्र फार थोड्यांना. बीडमध्ये तर ऊसतोडणीच्या बायांनी खाडा पडू नये म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकली, हे 2019 ला जगासमोर आलं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एवढं घरोघर सांगा. पांढऱ्याला वास आला, खाज सुटली तर ते औषधानं बरं होतं. काही रोगांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, त्यानं लाजू नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रगत दिसलं तर थांबू नका, लगेच तपासा. कोणी पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर नसेल तर निवेदन द्या, धरणं धरा.

जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते. मायला तपासायला न्यायला एक दिवसाची मजुरी का निघत नाही? आधी त्याचा हिशेब द्या, मग जयभीम म्हणा.