वर्गघनघात

वरोऱ्याला आनंदवन चौकाजवळ मी आठवी-नववीच्या पोरांची शिकवणी घेतो. घातांकांचे नियम आले की प्रश्न ठरलेला: "सर, भागाकार आहे तं वजाबाकी काहून करायची?" मी वर पाच क्ष लिहितो, खाली दोन, आणि दोन-दोन खोडतो. तीन उरतात. पोरांचं तेवढ्यावर भागतं. मला मात्र जुन्या लोकांनी हे कसं निभावलं असेल, याची ओढ लागते.

भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. 'बीजगणित' हा त्याचाच भाग मानतात. तिथे क्ष नाही. अज्ञात राशी यावत्तावत्, लिहिताना 'या'. दुसरी कालक, तिसरी नीलक. नुसती संख्या 'रू', वर्ग 'याव', आणि ऋण आकड्याच्या डोक्यावर टिंब.

वरच्या घातांची नावं मात्र निवांत बघावीत अशी. चौथा वर्गवर्ग, सहावा घनवर्ग. इथे दोन-दोनांचा नि दोन-तिनांचा गुणाकार आहे. पाच मूळ संख्या, ती अशी जुळेना. म्हणून वर्गघनघात, म्हणजे वर्ग गुणिले घन. इथे दोन आणि तीन यांची बेरीज झाली. आता वर्गघनघाताला वर्गानं भागा: नावातला वर्ग गळतो, घन उरतो. पोरांचा नियम नावातच सापडला! पण घनवर्गाला वर्गानं भागलं की वर्गवर्ग येतो, आणि ते नावावरून कुणाच्या बापाला कळणार नाही. देकार्तनं १६३७ साली अक्षराच्या खांद्यावर बारीक आकडा बसवला तेव्हा वजाबाकी उघड्यावर आली. स्वतः तो वर्गासाठी मात्र बरेचदा अक्षर दोनदाच लिही.

म्हणून भास्कराचार्यांचं अडलं असं नाही. त्यांचंच उदाहरण घ्या. भाज्य याव १५, या ७, ऋण रू २; भाजक या ३, रू २. भाजकाला कशानं गुणून वजा केलं की भाज्य संपेल, एवढंच शोधायचं. या ५ नं गुणलं की याव १५, या १० जातात. उरतात ऋण या ३, ऋण रू २. ते ऋण १ नं संपतात. उत्तर या ५, ऋण रू १. आठवीच्या पुस्तकातला बहुपदींचा भागाकार याहून वेगळा नाही.

असं का चालतं, हे उलगडणारा माणूस आमच्या विदर्भातल्या घराण्यातला. कृष्ण दैवज्ञ, घराणं पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिले. कृष्णाला जहांगीराचा आश्रय होता. साधारण १६०० च्या सुमारास त्यानं 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली, आणि रीत सांगून न थांबता उपपत्ती दिली. माझ्या मते मास्तर असावा तर असा.

ऋण म्हणजे उलट, हे त्यानं दिशांवरून समजावलं: पूर्व धन धरली तर पश्चिम ऋण. खालचा घात वरच्यापेक्षा मोठा निघाला की पोरं पुन्हा अडतात. ऋण घातांक न्यूटननं १६७६ च्या पत्रात सरळ वापरले आहेत, पण शिकवताना मी कृष्णाकडेच जातो. चिमूरकडे धन धरा, वणीकडे ऋण. दोन घर चिमूरकडे नि पाच घर वणीकडे गेलात, तर वरोऱ्यापासून कुठे आहात?

"वणीकडे तीन, सर."

मग फळ्यावर क्षच्या खांद्यावर ऋण तीन लिहितो.