नकलेची पावती

शिरूरच्या कोर्टात माझ्याकडे येणाऱ्या कैद्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वकीलसाहेब, आता वरच्या कोर्टात जाता येईल का?" दौंडच्या माणसाला बारामतीच्या सत्र न्यायालयात जन्मठेप लागते, तो येरवड्याला जातो आणि घरच्यांना वाटतं, सगळं संपलं. मी उलट विचारतो, निकालाची नक्कल त्याच्या हातात पडली का?

वरच्या कोर्टाचं दार पूर्वी मोठ्यांनाही उघडत नव्हतं. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायची परवानगी नाकारली. तिथे ॲस्क्विथसारख्या बॅरिस्टरने बाजू मांडली, तरी अपील दाखल करून घेतलं नाही. 'केसरी' पाठीशी असलेल्या माणसाची ही गत, तर पालावरच्या माणसाला कोण विचारणार?

वळण आलं होसकोट खटल्यात. विद्यापीठात शिकवणाऱ्या होसकोट नावाच्या माणसाला बनावट पदव्यांच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि शिक्षाही भोगून झाली होती. निकालाची प्रत तुरुंगात आली, पण मला कुणी दिलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दिल्याची सही-पावती कागदपत्रांत नव्हती. 17 ऑगस्ट 1978 रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला, पण नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची, तुरुंगाधिकाऱ्याने त्याची लेखी पोच घ्यायची, अपिलाला मदत करायची आणि गरज असेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. माझ्या मते आपल्या राज्यातून गेलेल्या खटल्यांत गरीब कैद्याच्या इतक्या उपयोगाचा दुसरा निकाल नाही.

सगळी अपिलं हरल्यावरही कधी कधी वाट उरते. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या दरोडा आणि खुनांच्या खटल्यात भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुनर्विलोकनाचे अर्ज बंद दालनात फेटाळले गेले. फाशीच्या प्रकरणात असा अर्ज खुल्या न्यायालयात ऐकायचा, असं 2014 मध्ये ठरलं, म्हणून हे अर्ज पुन्हा उघडले. तेव्हा नीट वाचलं गेलं की प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंमधून दुसरेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तुरुंगात सोळा वर्षं गेली होती.

आता पुन्हा नकलेकडे. तिच्या मागच्या बाजूला अर्ज केव्हा आला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा, याच्या तारखा असतात. त्या नीट पाहा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस मिळतात, फाशी असेल तर तीस, आणि नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वगळतात. आपलं माणूस आत असेल तर येत्या मुलाखतीला त्याला विचारा, नक्कल मिळाली का. नसेल तर शिरूर किंवा दौंडच्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.