एका औषधाचे हरवलेले रूप

पदार्थ शुद्ध आहे आणि त्याचे रासायनिक सूत्र निश्चित आहे, एवढे ठरले म्हणजे त्याची ओळख पूर्ण झाली, असा समज औषधनिर्मितीच्या व्यवहारात दीर्घकाळ वावरत होता. वस्तुतः या समजाला धक्का देणारे निरीक्षण १८३२ सालीच नोंदले गेले होते. फ्रीड्रिख व्होलर व युस्टुस फोन लीबिख यांनी बेन्झामाइडाचे उकळते द्रावण निवू दिले, तेव्हा प्रथम रेशमासारख्या तलम सुयांचा पुंजका तयार झाला. काही वेळा थोड्या तासांनी, तर काही वेळा एकदोन दिवसांनी, त्या सुया विरघळून त्यांच्या जागी ठसठशीत स्फटिक दिसू लागले. रेणू तोच, रचना मात्र निराळी. या गुणास बहुरूपता म्हणतात.

स्फटिक कसा जन्मतो, हे खडीसाखर करणारा हलवाई व्यवहाराने जाणतो. दाट पाकात तो दोरा सोडतो, कारण खड्यांना धरावयास आधार हवा असतो. द्रावणात मावेल त्याहून अधिक पदार्थ विरघळलेला असला, म्हणजे द्रावण अतिसंपृक्त असले, तरी स्फटिक लगेच पडतोच असे नाही. रेणूंचे लहान लहान समूह जमतात आणि पुन्हा विखुरतात. एखादा समूह ठराविक आकारापलीकडे गेला तरच तो टिकतो व वाढतो. मात्र तयार स्फटिकाचा कण बाहेरून टाकल्यास ही वाट पाहण्याचे कारण उरत नाही. अशा कणास बीजस्फटिक म्हणतात, आणि कारखान्यातील स्फटिकीभवनाचे नियंत्रण बहुतांशी याच बीजावर, द्रावकाच्या निवडीवर व निवविण्याच्या वेगावर चालते. (तूप सावकाश निवले तर कणी धरते, हे गृहिणींस सांगावे लागत नाही.) १८९७ मध्ये व्हिल्हेल्म ओस्टवाल्ड याने यात आणखी एक मर्म दाखविले. प्रथम प्रकट होणारे रूप सर्वांत स्थिर असेलच असे नाही. पुष्कळदा कमी स्थिर रूपच आधी येते. मग स्थिर रूप केव्हा येईल? काही मिनिटांत, किंवा कित्येक वर्षांतही नाही.

या अनिश्चिततेची किंमत रिटोनाविर या औषधाच्या बाबतीत मोजावी लागली. एड्सच्या विषाणूस आवश्यक असलेल्या प्रोटिएज या विकराला निष्प्रभ करणारे हे औषध अॅबट कंपनीने सिद्ध केले, आणि मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. घन स्थितीत ते शरीरात नीट शोषले जात नसे, म्हणून कॅप्सूलमध्येही ते मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणात विरघळवून भरीत. औषध विरघळलेलेच द्यावयाचे असल्याने त्याच्या स्फटिकरूपावर देखरेख ठेवण्याचे बंधन तत्कालीन नियमांत नव्हते, आणि ते तर्काला धरूनच होते. ज्ञात रूप एकच होते. सुमारे २४० घाण कॅप्सूल विनातक्रार निघाल्या.

१९९८ च्या मध्यास काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत उतरेनात. आत औषधाचे स्फटिक पडले होते, आणि ते पूर्वी कोणी न पाहिलेल्या रूपाचे होते. या दुसऱ्या रूपाची विद्राव्यता पहिल्याहून फारच कमी होती. जे द्रावण पहिल्या रूपाच्या दृष्टीने असंपृक्त होते, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने अतिसंपृक्त ठरले. म्हणजे दोन वर्षे निर्दोष वाटलेली कॅप्सूल केवळ बीजाअभावी टिकून होती. नवे रूप एकदा अवतरल्यावर कारखान्यात जुने रूप मिळेनासे झाले. इटलीतील कारखान्यात ते अद्याप शुद्ध स्वरूपात बनत होते. परंतु दुसरे रूप हाताळलेले शास्त्रज्ञ तेथे भेट देऊन आल्यानंतर तेथील मालातही दुसरे रूप मोठ्या प्रमाणात आढळू लागले. डोळ्यांस न दिसणारे कणही बीजाचे काम करू शकतात. रुग्णांच्या दृष्टीने हा प्रश्न शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता. ज्यांचे आयुष्य रोजच्या मात्रेवर अवलंबून होते, त्यांना कॅप्सूल मिळेनाशी होऊन कडू, मद्यार्कयुक्त पातळ औषध घ्यावे लागले.

पुढील तपासात असे दिसले की, दुसऱ्या रूपात रेणूचा एक भाग निराळ्या वळणाने मुरडलेला असतो. तशी मुरड द्रावणात क्वचितच आढळते, म्हणून त्याचे पहिले बीज पडण्यास विलंब लागला. औषधाच्या विघटनातून झालेल्या एका उपपदार्थाने त्या पहिल्या बीजास आधार दिला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. पहिल्या रूपाचे बीज वापरून ते रूप पुन्हा हमखास मिळविण्याची रीतही बसविण्यात आली. १९९९ मध्ये शीतकपाटात ठेवावयाची मऊ कॅप्सूल बाजारात आली. २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या गोळीत तर औषध बहुवारिकात स्फटिकहीन अवस्थेत पसरविलेले असते, आणि तिला थंडाव्याची गरज नसते.

एवढ्या शोधानंतर या रेणूची सर्व रूपे हाती आली असतील, असे मानणे स्वाभाविक होते. २०२२ मध्ये मात्र, वितळलेल्या रिटोनाविरपासून मिळालेल्या तिसऱ्या रूपाचे वृत्त प्रसिद्ध झाले.