झेरिक फाउंडेशन

झेरिक फाउंडेशन ही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन शहरात स्थापन झालेली खासगी, ना-नफा तत्त्वावरील संस्था होय. 'टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स' या चित्रकथेचे एक जनक पीटर लेअर्ड यांनी १९९२ मध्ये तिची स्थापना केली. आपली चित्रकथा स्वतःच छापून प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या चित्रकारांना १९९२ ते २०१२ अशी वीस वर्षे दिलेल्या अनुदानांमुळे ही संस्था ओळखली जाते. हे अनुदान 'झेरिक ग्रँट' या नावाने प्रसिद्ध आहे. संस्था याच काळात धर्मादाय व ना-नफा संस्थांनाही साहाय्य करीत असे.

'झेरिक' हे इंग्रजी विशेषण पर्यावरणशास्त्रात अत्यल्प पाण्याच्या, शुष्क प्रदेशाला लावले जाते. नावामागील हेतू काहीही असो, तुटपुंज्या साधनांवर तग धरणाऱ्या स्वतंत्र चित्रकथाकारांच्या जगाला ते शोभून दिसते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील चित्रकथांचा व्यवसाय दीर्घकाळ मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. चित्रकार व लेखक ठरावीक मोबदल्यावर काम करीत आणि निर्माण केलेल्या पात्रांचे हक्क सहसा कंपनीकडे जात. याला पर्याय म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही चित्रकारांनी स्वयंप्रकाशनाचा मार्ग धरला. डेव्ह सिम यांचे 'सेरेबस' (१९७७) आणि वेंडी व रिचर्ड पिनी या दांपत्याचे 'एल्फक्वेस्ट' (१९७८) ही त्यांतील ठळक उदाहरणे.

लेअर्ड हे स्वतः याच वाटेने आलेले होते. त्यांनी व केव्हिन ईस्टमन यांनी मे १९८४ मध्ये 'टर्टल्स'चा पहिला अंक कृष्णधवल स्वरूपात स्वतः छापला. प्राप्तिकराचा परतावा आणि ईस्टमन यांच्या काकांकडून घेतलेली उसनवारी एवढेच त्यांचे भांडवल होते आणि प्रती होत्या सुमारे ३,०००. पुढे १९८७ मध्ये दूरचित्रवाणी मालिका, १९९० मध्ये चित्रपट आणि त्यांसोबत खेळण्यांची प्रचंड विक्री यांमुळे दोघेही श्रीमंत झाले. पात्रांची मालकी त्यांच्याकडे होती, म्हणूनच हे शक्य झाले. चित्रकारांच्या हक्कांची सनद मांडणारी १९८८ ची प्रसिद्ध बैठकही नॉर्थॅम्प्टनमध्येच झाली. स्कॉट मॅक्लाउड यांनी लिहिलेल्या त्या सनदेवरील चर्चेत ईस्टमन व लेअर्ड यांचा पुढाकार होता.

मिळालेल्या संपत्तीतून इतर चित्रकारांना हात द्यावा, असे दोघांनाही वाटले, परंतु त्यांचे मार्ग भिन्न होते. ईस्टमन यांनी १९९० मध्ये 'टुंड्रा पब्लिशिंग' ही प्रकाशनसंस्था काढली. चित्रकारांना उदार अटी व आगाऊ रकमा देणारी ही संस्था मोठा तोटा सोसून १९९३ मध्ये बंद पडली. लेअर्ड यांनी प्रकाशक होणे टाळले आणि केवळ अनुदान देण्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवले. टुंड्रा तीन वर्षांत आटोपली आणि झेरिक वीस वर्षे चालली, यामागे ही मर्यादा हे एक कारण मानावे लागते.

अनुदानाचे स्वरूप

झेरिक अनुदान छपाई, निर्मिती, वितरण व प्रसिद्धी यांच्या खर्चासाठी होते. चित्रकाराच्या चरितार्थासाठी नव्हते. त्यामुळे अर्जदाराचे काम बरेचसे तयार असणे अपेक्षित असे. चित्रकथेची पाने, खर्चाचे अंदाजपत्रक व मुद्रकाचे दरपत्रक अर्जासोबत द्यावे लागे. अमेरिका व कॅनडा येथील रहिवाशांना अर्ज करता येई. अनुदान एका व्यक्तीस एकदाच मिळे. ते कर्ज नसल्याने परतफेडीचा प्रश्न नव्हता, आणि संस्था पुस्तकावर कोणताही हक्क सांगत नसे.

केवळ छपाईचा खर्च देण्याला एवढे महत्त्व का होते, हे त्या काळच्या वितरणपद्धतीवरून समजते. चित्रकथांची खास दुकाने वितरकाच्या सूचीतून काही महिने आधी मागणी नोंदवीत आणि न विकलेल्या प्रती सहसा परत करीत नसत. प्रकाशकाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती, परंतु मुद्रकाचे बिल विक्रीचे पैसे हाती येण्यापूर्वीच भागवावे लागे. ऑफसेट छपाईत थोड्या प्रती काढणे महाग पडते. दरप्रती खर्च आवाक्यात आणायचा तर एकदम मोठ्या संख्येने छापणे भाग असते. नवख्या चित्रकाराची मागणी मात्र शेकड्यांतच असे. मधली तूट पदरमोड करूनच भरावी लागे. १९९७ पर्यंत डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स ही एकच मोठी वितरणसंस्था उरल्याने लहान प्रकाशकांची वाट अधिकच अरुंद झाली. झेरिकची रक्कम नेमकी या तुटीच्या जागी उपयोगी पडे.

अनुदानप्राप्त चित्रकार

अनुदान मिळालेल्यांपैकी अनेकांनी पुढे या क्षेत्रात मोठे नाव मिळवले. जेसिका एबल झेरॉक्स प्रती काढून 'आर्टबेब' हे नियतकालिक चालवीत. १९९५ च्या अनुदानामुळे त्याचा अंक रीतसर छापला गेला आणि त्यानंतर फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले. लिंडा मेडली यांच्या 'कॅसल वेटिंग' या मालिकेची सुरुवातही १९९६ मध्ये अनुदानातून छापलेल्या पुस्तकाने झाली. निद्रिस्त राजकन्येच्या परिचित परीकथेतील राजकन्या निघून गेल्यावर मागे उरलेल्या वाड्यातील माणसांची ही कथा आहे. असा शांत, गृहजीवनात रमणारा विषय तत्कालीन मोठ्या कंपन्यांच्या साच्यात बसणारा नव्हता.

जीन लुएन यांग यांना १९९७ मध्ये 'गॉर्डन यामामोटो अँड द किंग ऑफ द गीक्स'साठी अनुदान मिळाले. पुढे अनेक वर्षे ते माध्यमिक शाळेत संगणकशास्त्र शिकवीत होते. त्यांची 'अमेरिकन बॉर्न चायनीज' (२००६) ही अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचलेली पहिली चित्रकादंबरी ठरली. २०१६ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कॅनडाचे जेफ लेमीर यांचे 'लॉस्ट डॉग्ज' (२००५) हे पहिले पुस्तक याच साहाय्याने निघाले. 'एसेक्स काउंटी' व 'स्वीट टूथ' या त्यांच्या गाजलेल्या कृती त्यानंतरच्या आहेत. मेगन केल्सो, एलेन फॉर्नी, फॅरेल डॅलरिंपल, जॉश न्यूफेल्ड व लॉरेन वाइनस्टाइन हेही अनुदानाचे मानकरी होत.

जेम्स स्टर्म यांनी 'द रिव्हायव्हल' (१९९६) साठी अनुदान घेतले आणि २००५ मध्ये व्हरमाँट राज्यात 'सेंटर फॉर कार्टून स्टडीज' ही शिक्षणसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला. टॉम हार्ट यांनीही फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे चित्रकथेची शाळा काढली. अनुदानाचा हा परिणाम पुस्तकांच्या संख्येत मोजता येत नाही.

डेरेक कर्क किम यांचे उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. 'सेम डिफरन्स' ही त्यांची कथा आधी त्यांच्या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली होती. २००२ च्या अनुदानाने ती पुस्तकरूपात आली आणि तिने किम यांना आयस्नर, हार्वी व इग्नॅट्झ असे तिन्ही महत्त्वाचे पुरस्कार मिळवून दिले. कथेला वाचक मिळण्यासाठी आधी छपाई व्हावीच लागते, हे गृहीतक येथे सुटले होते.

समाप्ती

जुलै २०११ मध्ये लेअर्ड यांनी स्वयंप्रकाशनाची अनुदाने थांबवण्याचे जाहीर केले. इंटरनेटवर जवळजवळ विनामूल्य प्रकाशन करता येऊ लागल्याने नवोदितांचा वाचकांपर्यंत जाण्याचा मार्ग कायमचा बदलला आहे, म्हणून यापुढे सर्व निधी धर्मादाय संस्थांना देणे योग्य ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. अखेरची अनुदाने मे २०१२ मध्ये दिली गेली. तोवर संस्थेच्या अनुदानांची एकूण रक्कम २५ लाख डॉलरहून अधिक झाली होती.

या निर्णयातील तर्क सरळ असला, तरी तो पूर्णतः पटण्याजोगा नाही. संगणकाच्या पडद्यावरील प्रकाशन स्वस्त झाले. कागद, शाई व टपाल स्वस्त झाले नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरसारख्या लोकवर्गणीच्या माध्यमातून छपाईचा खर्च उभा राहू शकतो, परंतु त्यासाठी वर्गणी देणारे वाचक आधीच जोडलेले असावे लागतात. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्या पानांकडे पाहून निर्णय घेणारी समिती ही सोय त्यात नाही.

तत्सम अनुदाने

झेरिक बंद होण्यापूर्वीच, २००५ पासून, प्रिझम कॉमिक्स ही संस्था समलिंगी व तत्सम समुदायांच्या जीवनावरील चित्रकथांसाठी 'क्वीअर प्रेस ग्रँट' देत आहे. कॅनडातील प्रकाशक अ‍ॅनी कोयामा यांनी आपली प्रकाशनसंस्था आवरती घेताना चित्रकारांना थेट अनुदाने देण्यास आरंभ केला. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'क्रिएटर्स फॉर क्रिएटर्स' अनुदानाची रक्कम ३०,००० डॉलर होती. नवी चित्रकथा रचताना चित्रकाराला वर्षभर निर्वाहाची चिंता राहू नये, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजे झेरिकने जो खर्च नियमाने वगळला होता, नेमका तोच या अनुदानाने उचलला.