झिजायचं कोणी: वायरनं की फोननं?

आजचा विषय तुमच्या उशाशीच पडलेला आहे. चार्जिंगची वायर, आणि तिची पिन फोनमध्ये जिथं जाते तो पोर्ट. आपल्याकडं दुकानात त्याला ‘जॅक’ म्हणतात. हा भाग ऐकताना फोन चार्जिंगला लावला असेल, तर वायरीच्या मानेकडं एकदा बघा. वाकलीये ना?

मी चिखलीचा, जिल्हा बुलढाणा. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. गेल्या वर्षी पोळ्यानंतर घरी गेलो, तर बाबा वैतागलेले. “फोन चार्जच होऊन नाही राहिला. दोन वायरी बदलल्या.” सोयाबीनची ई-पीक पाहणी बाकी होती. 2021 पासून ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः ॲपमधून करायची असते, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. मुदत संपत आलेली आणि फोन 4 टक्क्यांवर. एका दुकानात सांगितलं होतं, “बोर्ड गेला, नवीन घ्या.” बाबांनी फवारणीसाठी ठेवलेले पैसे काढून मोजलेसुद्धा होते.

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री मी या जॅकचा इतिहास शोधत बसलो, आणि सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो असं लक्षात आलं. दोन वस्तू रोज एकमेकींत घुसणार, तर झीज होणारच. मग झिजायचं कोणी? स्वस्त वायरनं, की महाग फोननं?

थोडं मागं जाऊ. आमच्या घरातला पहिला फोन नोकिया 1100. हे मॉडेल 2003 मध्ये आलं. त्याची गोल जाड पिन आठवते? नंतर नोकियाचीच बारीक पिन आली. गोल पिनेला सरळ-उलट काही नसायचं, अंधारातही बसायची. लोडशेडिंगच्या काळात ही फार मोठी सोय होती. आणि जॅक खराब झालाच, तर मागचं झाकण काढून बॅटरी क्लिपच्या चार्जरमध्ये अडकवायची. म्हणजे जॅक गेला तरी फोन जात नव्हता. अडचण वेगळीच होती: प्रत्येक कंपनीची पिन निराळी. पाहुण्याकडं गेलं की पहिला प्रश्न, “तुमच्याकडं कोणती पिन आहे?”

मग यूएसबी फोनमध्ये शिरलं. कॉम्प्युटरच्या मूळ चपट्या यूएसबीला किमान 1,500 वेळा आत-बाहेर करण्याचं मानक होतं. कीबोर्डला ते पुरतं, तो एकदा लावला की लावला. फोन मात्र दिवसातून दोन-तीन वेळा लागतो. त्यानंतरच्या मिनी-यूएसबीत पिन घट्ट धरून ठेवणारी स्प्रिंग फोनच्या बाजूला होती. म्हणजे जास्त ताण सोसणारा भाग महागड्या वस्तूत बसवलेला.

जानेवारी 2007 मध्ये मायक्रो-यूएसबी जाहीर झालं आणि इंजिनिअर लोकांनी हे उलटं केलं. स्प्रिंग काढून वायरीच्या पिनेत टाकली. मायक्रोच्या पिनेवर खालच्या अंगाला दोन बारीक आकडे असायचे, तेच ते. विचार सरळ होता: झिजायचंच आहे तर वायर झिजू दे, ती बदलता येते. मानक थेट 10,000 वेळांवर गेलं. म्हणजे तुमची वायर फोनच्या आधी मरते, यात कंजूषपणाचा भाग असेलही, पण वायरनं आधी मरावं हे ठरवून केलेलं आहे.

जून 2009 मध्ये युरोपियन कमिशनच्या पुढाकारानं मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर आधारित एकच चार्जर ठेवायचं मान्य केलं. आपल्याकडंही हळूहळू प्रत्येक पानटपरीवर एकच पिन दिसायला लागली. दोष एवढाच की ती उलटी बसायची नाही. झोपेत जोर करून घुसवली की आतली नाजूक जीभ वाकायची. ॲपलनं 2012 मध्ये आयफोन 5 सोबत लाइटनिंग आणलं. त्यात वायरीची पिन नुसती भरीव पट्टी, दोन्ही बाजूंनी बसणारी; स्प्रिंगचे संपर्क मात्र फोनच्या आत. प्रश्न तोच, उत्तर वेगळं.

2014 मध्ये टाइप-सी आलं. उलटं-सुलटं कसंही घाला, मानक 10,000 वेळांचंच, आणि स्प्रिंग पुन्हा वायरीकडं. भारतात नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत टाइप-सीवर एकमत झालं आणि जानेवारी 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोचं टाइप-सीचं मानक आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयफोन 15 सुद्धा टाइप-सीवर आला. युरोपात डिसेंबर 2024 पासून नव्या फोनला ते कायद्यानंच लागतं.

आता साधं गणित. दिवसाला तीन वेळा धरलं तर 10,000 वेळा म्हणजे नऊ वर्षं. मग आपले जॅक दोन-तीन वर्षांत का जातात? कारण ती मोजणी पिन नीट आत घालून बाहेर काढण्याची आहे. आपण वायर लावून गेम खेळतो, पोटावर फोन ठेवून मान मोडतो. एकाच जागी सारखी वाकली की आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. ट्रॅव्हल्सच्या सीटवर वायर ताणून लावतो, तेव्हा तर जॅकलाही हिसका बसतो. आणि टाइप-सीचा जॅक म्हणजे मधोमध जीभ असलेली बारीक खाच. खिशातला कापूस, माती, कुटार तिथं जाऊन बसतं. पिन घालताना आपणच ते ठोकून ठोकून तळाशी दाबतो.

त्यात क्लिपचा चार्जरही गेला. बॅटरी आत चिकटवलेली, त्यामुळं बऱ्याच फोनला आता जॅक हे एकच तोंड. ते बंद झालं की सगळा फोन उपाशी.

तर दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन दुसऱ्या रिपेअरिंगवाल्याकडं गेलो. पोरगा माझ्याच वयाचा. त्यानं जॅकवर टॉर्च मारला, फोन बंद केला, दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि कापसाचा करडा बोळा बाहेर काढला. “जॅक नाही गेला काका, खिसा भरला त्याच्यात.” वायर लावली, टक् करून पूर्ण आत बसली. पैसे घेतले 20 रुपये. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, “दहा हजाराचा कचरा होता म्हणायचा.” संध्याकाळी वावरातून नोंद झाली.

म्हणून मंडळी, जॅक चालत नसेल तर तीन गोष्टी करा. दुसरी चांगली वायर लावून बघा. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीनं हळूच साफ करा. सुई, टाचणी अजिबात नको. तरीही नाही झालं, तर दुकानात विचारा, “याचा जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे का?” बऱ्याच फोनमध्ये असतो, आणि तेवढाच बदलता येतो.

झिजायचं काम वायरीला दिलंय, ते तिला करू द्या. मोडायचं काम आपण करू नका. काढताना पिन धरा, वायर ओढू नका. भेटू पुढच्या भागात!