विश्वासाचं पाऊल : पंडिता रमाबाई आणि आज्ञापालनाचा प्रश्न

विश्वासाने घराबाहेर पडणं म्हटलं की ख्रिस्ती परंपरेत पहिलं नाव येतं अब्राहामाचं. देवाने त्याला देश आणि गणगोत सोडून निघायला सांगितलं. मुक्कामाचं ठिकाण सांगितलं नाही. तो निघाला. अशा गोष्टी ऐकून आपला समज होतो, की आधी माणसाची पूर्ण खात्री पटते आणि मग तो पाऊल उचलतो. आज आपण ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत, त्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा क्रम उलटा दिसतो. पाऊल आधी पडलं, खात्री मागाहून आली.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं आणि कुटुंबासह तीर्थयात्रा करत, पुराण सांगत ते देशभर फिरले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे ही मुलगी भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग विवाह, आणि १८८२ साली वैधव्य. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं.

वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या होत्या. या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेऊन एक आश्रम दाखवला. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायका तिथे मायेने सांभाळल्या जात होत्या. रमाबाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्याकडच्या विधवांचे हाल पाहिलेल्या या बाईला ती गोष्ट भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण जरा थांबू. पुण्यामुंबईत खळबळ उडाली हे सगळ्यांना माहीत आहे. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनाही या नव्या शिष्येने कमी त्रास दिला नाही, हे तितकं सांगितलं जात नाही. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, आणि पटला नसताना 'पटला' म्हणायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी सूचना आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंचं म्हणणं स्वच्छ आहे : एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही.

मग हे आज्ञापालन म्हणायचं की हट्ट? सिस्टरांना तो हट्टच वाटला, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते साहजिक होतं. पण रमाबाई देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने माणसाने केलेली आज्ञा, यांत फरक करत होत्या. पहिलीसाठी त्यांनी समाज सोडला. दुसरी त्या प्रश्न विचारून तपासून घेत.

अमेरिकेत १८८७ साली बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झालं. त्याने दहा वर्षं पैसे पुरवण्याची हमी दिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार न लावता करत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली वाद पेटला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपण इथे एकाच बाजूने बोलू नये. तटस्थतेचा शब्द दिला गेला होता, आणि आपला विश्वास बरोबर घेऊन पोरीबाळींच्या घरात वावरताना तो शब्द किती पाळला जातो, हे विचारायचा पालकांना हक्क होता. मात्र आपण प्रार्थना करतो हे रमाबाईंनी कधी लपवलं नाही.

पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८८३चं पाऊल त्यांनी अर्ध्या उजेडात टाकलं होतं. हे कबूल करायलाही धैर्य लागतं.

त्यानंतरची परीक्षा १८९६-९७च्या दुष्काळाची. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि त्यांना स्वतःचा दुष्काळ आठवला. अमेरिकन मंडळाची हमी शारदासदनासाठी होती आणि तिची मुदतही संपत आली होती. नव्या मुलींसाठी पैसे कुठून येणार, याचं उत्तर हातात नव्हतं. तरीही त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. मुक्ती सदन तिथे उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, सुतकताई, विणकाम, छपाई शिकवली. हा भरवसा हात जोडून बसणारा नव्हता, हे आपण ध्यानात घेऊ. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी सरकारविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. सरकारपुढेही त्यांनी मान तुकवली नाही.

अखेरची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी ते केलं. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. तरी काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापील बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

विश्वास म्हणजे प्रश्न संपणं, असं आपण पुष्कळदा धरून चालतो. रमाबाईंचे प्रश्न बाप्तिस्म्याने संपले नाहीत. जेवढं दिसलं तेवढ्यापुरतं त्या चालल्या, पुढचं चालता चालता दिसत गेलं. त्याची किंमत त्यांनी भरली, आणि थोडी त्यांच्या सदनातल्या मुलींनीही भरली. इतिहास वाचताना दोन्ही हिशेब मांडायला हवेत. इथे थांबूया. आपल्या शंका असतील तर जरूर विचारा. आजच्या विषयाला ते शोभून दिसेल.