सयाजीराव नावाचा घोडा

आजचा भाग घोड्यांचा आहे. आपल्याकडे घोडा म्हटलं की डोळ्यासमोर सारंगखेडा येतं. तापीकाठची दत्ताची यात्रा, नाचणारे मारवाडी घोडे, देवमण आहे का ते निरखून बघणारी म्हातारी माणसं. पण आज आपण जाणार आहोत इंग्लंडला, आणि तेही धुळ्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातून.

गाव कवळाणे, तालुका मालेगाव. 1863 साली इथे काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. तेव्हा मालेगाव खानदेशातच होतं बरं का, नाशिक जिल्हा 1869 मध्ये झाला. बारा वर्षांच्या गोपाळला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1875 मध्ये तो बडोद्याला दत्तक गेला आणि महाराज सयाजीराव झाला. 1906 मध्ये याच माणसाने अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1939 मध्ये ते गेले आणि गादीवर नातू आला, प्रतापसिंहराव.

या नातवाला घोड्यांचा नाद. 1943 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला भारतात जन्मलेल्या घोड्यांची डर्बी सुरू झाली, तर पहिल्याच वर्षी जिंकली बडोद्याची घोडी, प्रिन्सेस ब्यूटिफुल. पण महाराजांचं मन तेवढ्याने भरणार नव्हतं.

आता जरा थांबून ही शर्यत नेमकी काय असते ते समजून घेऊ. थरोब्रेड ही मुद्दाम घडवलेली जात आहे. त्या प्रत्येक घोड्याची नर-वंशावळ मागे नेली की ती इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत पोहोचते. वहीत नाव नाही तर शर्यत नाही, त्यामुळे सारंगखेड्याचा घोडा कितीही पळाला तरी डर्बीत उभा राहू शकत नाही. युरोपात मोठ्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांच्या असतात. डॉनकास्टरची सेंट लेजर 1776 पासूनची, एप्समची डर्बी 1780 ची, आणि फ्रान्समध्ये त्याच धर्तीवर शांतिईची प्री द्यू जॉकी क्लब, 1836 ची. घोडा तीन वर्षांचा एकदाच होतो, म्हणजे आयुष्यात एकच संधी! आणि बक्षिसाइतकाच पैसा पुढे असतो. जिंकणाऱ्याला प्रजननासाठी मागणी येते. खरं तर ही शर्यत रक्ताची परीक्षा असते.

म्हणूनच शर्यत न पळालेल्या शिंगरांवरसुद्धा वेड्यासारखा पैसा लागतो. 1945 मध्ये डान्टे नावाच्या घोड्याने इंग्लिश डर्बी जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ लिलावात आला, वय फक्त एक वर्ष. प्रतापसिंहरावांनी बोली लावली 28,000 गिनी! एका वर्षाच्या शिंगराला तोवर एवढा भाव कधीच मिळाला नव्हता. तेव्हाच्या दराने जवळपास 4 लाख रुपये. आणि नाव काय ठेवलं? सयाजीराव. आजोबांचं.

शेतकऱ्याचं पोर राजा झालं आणि त्याच्या नावाचा घोडा इंग्लंडात पळू लागला. मला यात आजोबांचा अपमान दिसत नाही. शर्यतीच्या जगात तो मान आहे. प्रश्न त्या 4 लाखांचा आहे, त्यावर येतोच.

1947 चा हंगाम. टू थाउजंड गिनीजमध्ये सयाजीराव तिसरा. डर्बीतही तिसरा. तिथे जिंकला फ्रान्समधून आलेला पर्ल डायव्हर. मग सयाजीरावने आयरिश डर्बी मारली. आणि सप्टेंबरमध्ये सेंट लेजर, जवळपास 2,900 मीटर. पाठीवर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. शेवटच्या टप्प्यात समोर पुन्हा फ्रेंच घोडा, मार्सेल बुसाकचा आर्बार. अगदी थोडक्यात जिंकला सयाजीराव! इकडे देश स्वतंत्र होऊन महिनासुद्धा नीट झाला नव्हता, फाळणीची कत्तल चालू होती, आणि तिकडे डॉनकास्टरला लोक एक मराठी नाव ओरडत होते. पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली. तो घोडा तर जन्मानेच फ्रेंच.

आता त्या पैशाचं. स्वातंत्र्य आल्यावर बडोद्याच्या लोकांनी आणि दिल्लीनेही विचारायला सुरुवात केली, की खजिन्यातून महाराजांनी उचललेल्या रकमांचा हिशोब काय? प्रश्न फक्त घोड्यांचा नव्हता, पण घोडे सगळ्यांना दिसत होते. 1949 मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. 1951 मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराजा म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली.

काही जण म्हणतात, राजाने आपल्या पैशाने शौक केला, बिघडलं काय? पण ‘आपला’ पैसा म्हणजे कोणाचा? शेतसारा भरणाऱ्याचाच ना. आजोबांनी तोच सारा शाळांवर खर्च केला होता.

घोड्याचा मात्र यात काय दोष? शर्यती संपल्यावर तो प्रजननासाठी ठेवला गेला. 1958 मध्ये त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने अॅस्कॉट गोल्ड कप जिंकला. तिच्या नोंदीत बापाच्या रकान्यात आजही लिहिलेलं आहे: सयाजीराव.